हात लावू नकोस!

आपल्याकडे मूल रांगायला लागले की त्याच्या कानावर जे पहिले संपूर्ण वाक्य पडते ते म्हणजे 'हात लावू नकोस!' पुढे ते शाळेत जाते. तिथे प्रयोगशाळेतले कपाट काचेचे असते, म्हणजे विज्ञान दिसते. आणि त्याला कुलूप असते, म्हणजे ते मिळत नाही. मग ते माझ्यासारखे बी.कॉम. होऊन बँकेत चिकटते आणि काउंटरमागून इतरांना सांगू लागते, 'ओ काका, त्या शिक्क्याला हात लावू नका!' परंपरा अखंड चालू राहते ती अशी.

या परंपरेविरुद्ध मला चार शब्द बोलायचे आहेत, आणि माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून मी एक मेलेला टीव्ही उभा करणार आहे.

माझा छंद सांगितला की पाहुणे खुर्ची जरा मागे सरकवतात. भंगारात निघालेल्या टीव्हीतले भाग काढून मी हाय व्होल्टेजचा सप्लाय बांधतो. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी बोन्साय वाढवतो. मी व्होल्ट वाढवतो. जुन्या, बारा व्होल्टवर चालणाऱ्या ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबल टीव्हीत 'एलओटी' नावाचा एक ट्रान्सफॉर्मर असतो. पासोड्या विठोबापाशी कुठल्याही जुन्या दुकानदाराला 'एलओटी आहे का?' विचारा, तो नातेवाईक भेटल्यासारखा बघतो. या एलओटीच्या कामाची रीत मला बँकेत आल्यावरच नीट समजली. त्याच्या पहिल्या गुंडाळीत प्रवाह सावकाश वाढू द्यायचा आणि ऐन भरात एकदम तोडायचा. कर्मचाऱ्याचा संताप जसा वर्षभर हळूहळू साठतो आणि बदलीची ऑर्डर हातात पडताच उसळतो, तसे ते साठलेले चुंबकत्व उसळते. दुसऱ्या गुंडाळीत वेढे भरमसाट, म्हणून तिथे दहा-बारा हजार व्होल्ट तयार होतात. बदली वर्षातून एकदा होते; हे सेकंदाला १५,६२५ वेळा होते. चित्राच्या रेघा ६२५, चित्रे सेकंदाला २५. गुणाकार करून पाहा. त्या कंपनाची बारीक शिटी लहान मुलांना ऐकू येते, चाळिशी उलटलेल्या बहुतेकांना येत नाही. (आमच्या हेड कॅशियरना ग्राहकाची हाकही ऐकू येत नाही, पण तो वयाचा दोष नव्हे.)

आता माझ्या विरोधकांकडे वळतो. त्यांचे तीन पक्ष आहेत.

पहिला पक्ष 'उपयोग काय?' वाल्यांचा. त्याच्या अध्यक्षा आमच्या घरातच आहेत. "अहो, एवढं करून त्यातून निघतं काय? एक ठिणगी! ती तर माझ्या गॅसच्या लायटरमधूनही निघते." मुद्दा बिनतोड वाटतो. पण फ्रेडरिक कॉट्रेल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९०८ साली याच उच्च दाबाने धुरातले कण पकडायच्या यंत्राचे पेटंट घेतले. आज औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून राख थेट आपल्या वाळत घातलेल्या धोतरावर येत नाही, ती त्या कल्पनेची कृपा. १९३२ साली केंब्रिजमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी डायोड-कपॅसिटरसारखी जोडणी एकावर एक रचून व्होल्टेज चढवले आणि लिथियमचा अणू फोडला. १९५१ साली त्यांना नोबेल मिळाले. तीच शिडी, तीन पायऱ्यांची करून, पुढे कित्येक रंगीत टीव्हींत 'ट्रिप्लर' या नावाने बसली. म्हणजे ज्या युक्तीने केंब्रिजात अणू फुटला, ती लोकांच्या दिवाणखान्यात क्रोशाच्या रुमालाखाली मुकाट बसून चित्रपट दाखवत होती. आणि आपण वर फुलदाणी ठेवली होती! उपयोग नव्हता असे नाही, आपण झाकण उघडले नव्हते.

दुसरा पक्ष भित्र्यांचा. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी फलकावर सूचना लावली, 'सभासदांनी राहत्या जागेत विजेचे घातक प्रयोग करू नयेत.' ही सूचना जिन्याखाली लावली आहे, त्याच्या शेजारीच मीटरच्या पेटीचे झाकण चार वर्षे सुतळीने बांधलेले आहे. भीती ही अशी आकड्याला भिते, सुतळीला भीत नाही.

आणि इथेच मला गुणाकार करावासा वाटतो. रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूब ही नुसती काचेची बाटली नाही. तिला आतून-बाहेरून ग्राफाइटचा लेप असतो, मध्ये काच. म्हणजे ती स्वतःच एक कपॅसिटर आहे. टीव्ही बंद केला तरी तिच्यात पंचवीस हजारांच्या घरातले व्होल्ट कधीकधी दिवसेंदिवस बसून राहतात. खातेदार गेला, पण फिक्स डिपॉझिट चालू! पण ठेव केवढी? दोन हजार पिकोफॅरड धरा; हिशेब केला तर अर्ध्या ज्यूलहून थोडी जास्त. आता त्याच टीव्हीतल्या पॉवर सप्लायचा तो गरीब दिसणारा कपॅसिटर घ्या. २२० मायक्रोफॅरड, व्होल्ट फक्त सव्वातीनशे. त्याच्यात साडेअकरा ज्यूल, म्हणजे अठरापटीहून जास्त! ज्याच्या नावाचा दरारा आहे त्याच्यापेक्षा ज्याच्याकडे कुणी बघत नाही तो अधिक पोहोचलेला, हे नोकरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. म्हणून पंचवीस हजारवाला निरुपद्रवी असे मात्र नव्हे. त्याच्या झटक्याने हात उडतो, हातातली ट्यूब फरशीवर पडते, आत निर्वात असल्याने ती फुटते आणि काचा चौफेर जातात.

तिसरा पक्ष सर्वांत घातक, आणि तो स्वतःला माझाच मित्र समजतो. हा मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींचा पक्ष. 'व्होल्टने माणूस मरत नाही, अँपियरने मरतो,' हे त्याचे ब्रीदवाक्य. अहो, 'कर्जाने माणूस बुडत नाही, हप्त्याने बुडतो' म्हणण्यासारखेच ते! एकाशिवाय दुसरा येतो कुठून? या पक्षाने एलओटीचा कंटाळा केला आणि मायक्रोवेव्ह भट्टीचा ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायला सुरुवात केली. व्होल्ट दोन हजारच. पण त्यांच्यामागे घराचे अख्खे मीटर उभे. हृदयावरून काही दशांश नव्हे, काही शतांश अँपियर गेला तरी ते थांबू शकते; हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या दहापट सहज देतो. अमेरिकेत या नक्षीपायी माणसे मेली, आणि अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संघटनेला आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला बंदी घालावी लागली. माझा सप्लाय बॅटरीवर चालतो. घराच्या विजेशी त्याचा सोयरसंबंध नाही, आणि तो मी जुळूही देत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी बिनशर्त मान्य करतो. उच्च व्होल्टेज आणि निर्वात नळी एकत्र आली की क्ष-किरण निघू शकतात. १९६७ साली अमेरिकेत काही रंगीत टीव्हींतून ते प्रमाणाबाहेर निघत असल्याचे उघड झाले आणि पुढच्याच वर्षी त्यावर कायदा झाला. म्हणून माझ्या सप्लायला कुठलीही निर्वात नळी जोडायची नाही, हा माझ्या टेबलावरचा पहिला नियम.

दुसरे नियम मला एका जुन्या टीव्ही मेकॅनिककाकांनी शिकवले. आधी प्लग काढायचा. मग वायरचे एक टोक ट्यूबच्या बाहेरच्या वेणीला, दुसरे लांब मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला, आणि त्याचे पाते रबरी टोपीखाली सरकवायचे. 'टक्' असा आवाज येतो. नवशिका इथे उठतो. काका म्हणत, "बस खाली. पंधरा मिनिटांनी परत कर." कारण काचेत मुरलेला विद्युतभार पुन्हा वर येतो! राइट-ऑफ केलेले कर्ज वसूल झालेले मी बँकेत क्वचितच पाहिले, इथे दर वेळी पाहतो. आणि हे सगळे करताना दुसरा हात खिशात. का? तर छातीतून जाणारा रस्ताच बंद.

त्या काकांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात. माझे खरे भांडण इथे आहे. सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही काढले. उत्तम झाले. पण हक्क कागदावर येत असताना हात मात्र निवृत्त होताहेत. ट्यूबवाले टीव्ही भंगारात जात आहेत. तिथे तांब्याच्या गुंडाळीसाठी कुणीतरी पोरगा दगडाने ट्यूबची मान मोडतो आणि शिसे मिसळलेली काच उघड्यावर पडते. त्या पोराला 'दुसरा हात खिशात' हे कुणी सांगितलेले नाही. आमच्या मुलांनाही नाही. त्यांना सांगणारा एकच उरला आहे: अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. 'हात लावू नकोस' म्हटल्याने मुलाचा हात थांबत नाही. तो फक्त आपल्या पाठीमागे लागतो.

माझी मागणी किरकोळ आहे. शाळेने वर्षातला एक शनिवार काढावा, एक भंगारातला टीव्ही आणावा, एका निवृत्त मेकॅनिकला नारळ आणि मानधन देऊन बोलवावे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत तो टीव्ही मुलांसमोर उघडावा. भीती आयती देता येते, सावधगिरी शिकवावी लागते. 'हात लावू नकोस' यापेक्षा 'थांब, कुठे लावायचा ते दाखवतो' हे वाक्य दोन-तीन शब्दांनी लांब आहे, हे मी हिशेबनीस म्हणून कबूल करतो. एवढा जादा खर्च मंजूर व्हायला कुणाची हरकत नसावी.