पायाखालचा भरवसा

मोटरसायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकचं पेडल मऊ लागलं, की समजावं, बहुधा नळीत हवा शिरली आहे. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर तिथंच जिरतो. हवा घरीही काढता येते. कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावा, पेडल दाबून धरा, निपल पाव फेरा सैल करा. बुडबुड्यांसकट तेल येईल. निपल आवळा, मगच पाय उचला. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा, पण वरची तेलाची डबी रिकामी पडू देऊ नका. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल मुरल्यावर हमी १५५ अंशांचीच. घाट उतरताना ब्रेक तापतो, तेव्हा हाच फरक जिवावर बेततो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला, तेही सीलबंद बाटलीतलंच.