सहल कोणाची, हाल कोणाचे?

शाळांना सुट्ट्या लागल्या की पाचोडसारख्या गावातही घरोघरी एकच विषय निघतो : यंदा कुठे जायचे? पूर्वी उत्तर ठरलेले असे. पैठणला नाथांचे दर्शन, संध्याकाळी उद्यान आणि रात्री परत. आता मोबाइलवर थीम पार्कचे व्हिडिओ पाहिलेली दुसरी-तिसरीतली मुले थेट खोपोलीचे नाव घेतात. गाडी ठरते, तिकिटे काढली जातात आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की घरात पाच महिन्यांचे बाळही आहे. लसीकरणाच्या दिवशी आई दबक्या आवाजात विचारते, “डॉक्टर, याला बी नेलं तर चालंल का?”

या प्रश्नाला “अजिबात नको” हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. सव्वा महिना संपल्यावरही कित्येक महिने घराबाहेर न पडलेल्या आईलाच ते उत्तर शिक्षा वाटते. “काही होत नाही, न्या” हे उत्तर तर त्याहून वाईट. म्हणून आधी हे पाहायला हवे की अशा सहलीत बाळाच्या वाट्याला नेमके काय येते.

पाच-सहा महिन्यांच्या बाळाला जत्रा कळत नाही. त्याला आईचा चेहरा, ओळखीचा आवाज, हलणारी पाने, पाण्याची चमक एवढे पुरते. उंच पाळणे, किंचाळणारी गर्दी आणि मोठ्या कर्ण्यांवरचे संगीत ही त्याच्यासाठी करमणूक नसते, तो मारा असतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज बाळाच्या कानांसाठी जास्त आहे असे खुशाल समजावे.

पहिली परीक्षा रस्त्याचीच. पाचोडहून पैठण, शेवगाव, अहिल्यानगर, पुणे करत खोपोली गाठायची तर तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर होते. एका बाजूचेच सहा-सात तास. गाडीत पुढच्या सीटवर बाळाला मांडीवर घेऊन बसण्याची सवय सर्रास दिसते. अपघातात समोरची एअरबॅग फुगली, तर तिचा पहिला तडाखा त्या बाळालाच बसतो. बाळ मागच्या सीटवर, मागे तोंड असलेल्या बेबी सीटमध्येच असावे. दर दोन तासांनी थांबून त्याला बाहेर घ्यावे, मोकळे करावे, पाजावे. “दोनच मिनिटांत येतो” म्हणून बंद गाडीत त्याला क्षणभरही ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान अवघ्या दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

दुचाकीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलावे लागते. कारण जवळच्या सहली बहुतेक दुचाकीवरच होतात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट हवे. लहान मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. नऊ महिन्यांखालच्या बाळाची मान हेल्मेटचा भारच पेलू शकत नाही. याचा अर्थ त्याला सूट मिळाली असा नव्हे, तर दुचाकी ही त्याची जागाच नाही.

दुसरी परीक्षा उन्हाची. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा जास्त असते, त्यामुळे बाहेरची उष्णता ते लवकर शोषते. घामावाटे ती बाहेर टाकण्याची यंत्रणा मात्र अजून कच्ची असते. त्यात आपल्याकडची माया अशी की उन्हातही टोपडे, पायमोजे आणि वरून दुपटे! बाबागाडीवर ओढणी टाकून केलेली सावली ही सावली नसते. आतली हवा कोंडते आणि बाळ उकडून निघते. अंगात एक सैल सुती झबले आणि डोक्यावर झाडाची किंवा छताची खरी सावली पुरे. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन चोपडून उन्हात नेण्यापेक्षा थेट उन्हातच नेऊ नये.

आणि पाणी? इथेच सर्वांत मोठी चूक होते. “घसा कोरडा पडला असेल” म्हणून आजी चमचाभर पाणी पाजते, कोणी ग्लुकोजचे पाणी, तर कोणी गुटी. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीही नको, कडक उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. बाळाला वरचे पाणी दिले की इवलेसे पोट भरते आणि दूध कमी जाते. पाणी अस्वच्छ असेल तर जुलाब लागतात आणि पाणी फार झाले तर रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात. म्हणून उन्हात बाळाला वरचेवर अंगावर पाजावे आणि पाणी आईने प्यावे. पावडरचे दूध घेणाऱ्या बाळाच्या बाटलीत “ऊन आहे” म्हणून जादा पाणी मिसळू नये.

तिसरी परीक्षा गर्दीची. गोवराची लस आपल्या लसीकरण कार्यक्रमात पहिल्यांदा मिळते ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर. आईकडून आलेले संरक्षण तोवर ओसरत जाते. म्हणजे सहा ते नऊ महिन्यांचे बाळ बऱ्याचदा उघड्यावर असते. गोवर हवेतून पसरतो आणि रुग्ण निघून गेल्यावरही बंदिस्त जागेतल्या हवेत त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतात. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या डिस्ने थीम पार्कपासून गोवराची साथ पसरली. तिथल्या पहिल्या ११० रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतली १२ तान्ही मुले अशी निघाली की त्यांचे लस घेण्याचे वयच झालेले नव्हते. ही गोष्ट दूरची वाटत असेल, तर २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराने काय केले ते आठवावे. तान्ह्या बाळाचे संरक्षण त्याच्या स्वतःच्या लसीइतकेच भोवतालच्या मुलांच्या लसींवर अवलंबून असते. म्हणून सहलीआधी मोठ्या भावंडाचेही लसीकरण कार्ड तपासून पाहावे.

राहिले पाळणे आणि पाणी. बहुतेक मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, त्यामुळे बाळाचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो “मांडीवर घेतले तर चालते” अशा छोट्या झुल्यांचा. साधारण चार महिन्यांपर्यंत बाळ मान धरत नाही आणि त्यानंतरही धडाच्या मानाने डोके जड असते. झटके, गिरक्या आणि एकदम थांबणे त्याच्या मानेला सोसत नाही. वॉटर पार्कमध्ये आणखी एक भर पडते. क्लोरीनला दाद न देणारे काही जंतू पाण्यात असू शकतात, त्यांनी होणारे जुलाब बाळाला महागात पडतात. शिवाय उन्हाळ्यातही पाण्यात बाळ पटकन गारठते. सहा महिन्यांखालच्या बाळाला तिथल्या पाण्यात उतरवूच नये.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, मग बाळंतिणीने घरातच बसावे का? मुळीच नाही. बाळंतपणानंतरची एकाकी उदासी हा खरा आजार आहे. मोकळी हवा, चार माणसे, हसणे-बोलणे हे आईला औषधासारखे लागू पडते. पण मोठ्या पार्कमधले चित्र नीट पाहावे. घरातले सगळे पाळण्यांच्या रांगेत उभे असतात आणि एक बाई पूर्ण तिकीट भरून कुठल्या तरी भिंतीच्या सावलीत ओढणीआड बाळाला पाजत दिवसभर बसलेली असते. सगळ्यांच्या पिशव्याही तिच्याच जवळ! ही सहल बाळाची तर नाहीच, पण आईचीही नाही. त्यामुळे खरा प्रश्न “बाळाला नेऊ का?” हा नसून “या सहलीत आईला काय मिळणार?” हा आहे. तो विचारला की निम्मे निर्णय आपोआप होतात.

मोठ्या मुलाचा हट्ट खरा असेल, तर वडील, काका, आत्या त्याला घेऊन जाऊ शकतात. सगळ्यांनीच जायचे ठरले, तर बाळ सांभाळण्याची पाळी लावावी आणि त्या पाळीत बाप्यांची नावे आधी लिहावीत. नाहीतर वर्षभर थांबावे. पार्क कुठे पळून जात नाही. तोवर पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पायथ्याचे संत ज्ञानेश्वर उद्यान किंवा संभाजीनगरला मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे सिद्धार्थ उद्यान अशा जवळच्या जागा आहेत. उद्यान सुरू आहे का, याची आधी चौकशी करावी. ऊन उतरल्यावर, गर्दीचा दिवस टाळून दोन तास जाऊन यावे. हिरवळीवर चादर अंथरून पडलेल्या बाळाला झाडाची पाने दिसतात आणि आईला कुणाच्या तरी हातचा आयता चहा मिळतो. दोघांचीही सहल होते.

सगळे ओझे कुटुंबावरच टाकून चालणार नाही. बाळाच्या ओढीने रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे नाव महाराष्ट्राने बसस्थानकांवरच्या स्तनपान कक्षांना दिले. पण तिथे कुलूप किंवा अडगळ दिसली, तर ते नाव लाजिरवाणे ठरते. सार्वजनिक ठिकाणी स्तनपान आणि बालसंगोपनाची सोय असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांना बजावले. सरकारी इमारतींना जे लागू, ते तिकीट घेणाऱ्या उद्यानांना आणि पार्कना का नसावे? सावलीतली स्वच्छ खोली, एक खुर्ची, एक पंखा, हात धुवायला पाणी आणि लंगोट बदलायला ओटा, एवढीच मागणी आहे. परवानगी देताना प्रशासनाने ती अट घालावी. पालकांनीही तिकीट काढण्याआधी फोन करून ही सोय आहे का, हे विचारावे. दहा जणांनी विचारले की व्यवस्थापनाला उत्तर शोधावे लागते.

तरीही बाळ बरोबर असेलच, तर काही खुणा पाठ असाव्यात. सहा तासांत शू झाली नाही, टाळू खोल गेली, तोंड कोरडे पडले, बाळ दूध ओढेना किंवा नेहमीपेक्षा सुस्त पडले, तर सहल तिथेच संपली. त्याला सावलीत न्यावे, कपडे काढावेत, साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने अंग पुसावे, पाजत राहावे आणि थेट दवाखाना गाठावा. बाळ शुद्धीवर नसेल किंवा झटके आले, तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर “उन्हाचा असेल” म्हणून वाट पाहू नये. त्या वयात तो ताप गंभीर जंतुसंसर्गाची एकुलती एक खूण असू शकतो.

बाळाला त्या पार्कमधले काहीच आठवणार नाही, आईला मात्र तो दिवस आठवेल. भिंतीच्या सावलीत पिशव्या सांभाळल्याचा, की निवांत दोन घोट चहाचा, हे निघण्याआधी घरातल्या मोठ्यांनी ठरवायचे आहे.