विश्लेषण : परदेशातील मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांचा विमा ऐन वेळी अपुरा का पडतो?

मुलीचे बाळंतपण, नातवाचा वाढदिवस किंवा नुसताच ‘सहा महिने राहायला या’ हा आग्रह. साठी-सत्तरीतील अनेक मराठी जोडपी अमेरिका, कॅनडा, ब्रिटनला मुलांकडे जातात. बॅगेच्या वजनाची काळजी महिनाभर आधी सुरू होते. प्रवास विमा मात्र अनेकदा तिकिटासोबत, अटी न वाचता घेतला जातो. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांसाठी हीच घाई सर्वांत महाग ठरू शकते.

पैसे नसतील तर रुग्णालय परत पाठवते का?

अमेरिकेत १९८६ च्या ‘एम्टाला’ कायद्यानुसार आपत्कालीन विभाग असलेल्या बहुतेक सर्व रुग्णालयांना, आलेल्या रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. विमा आहे का, पैसे आहेत का, यासाठी उपचार अडवता येत नाहीत. मात्र हे उपचार मोफत नसतात, बिल नंतर येते. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीची ‘मेडिकेअर’ योजना पर्यटक व्हिसावर आलेल्यांना लागू नाही.

इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागातील उपचार सर्वांना मोफत आहेत. पण रुग्णाला दाखल करून घेतले की पुढच्या उपचारांचे शुल्क लागते आणि पाहुण्यांना ते सरकारी दराच्या दीडपट असू शकते. थोडक्यात, उपचार मिळतात. प्रश्न असतो तो खर्च कोण उचलणार याचा.

विमा सक्तीचा कुठे आहे?

युरोपातील शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय कवच दाखवावे लागते. कॅनडातील नागरिक व कायम रहिवाशांच्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना मिळणाऱ्या ‘सुपर व्हिसा’साठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, एक वर्ष मुदतीचा विमा बंधनकारक आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मात्र विम्याची सक्ती नाही. म्हणजे जिथे उपचार सर्वांत महाग, तिथेच तो घेण्याचा निर्णय पूर्णपणे कुटुंबावर सोडलेला आहे.

भारतातील नेहमीची आरोग्य पॉलिसी बहुतांश वेळा देशाबाहेर चालत नाही. सत्तरीपुढील नागरिकांना मिळणारे आयुष्मान कार्डही भारतातील संलग्न रुग्णालयांपुरतेच आहे.

‘जुना आजार’ म्हणजे नेमके काय?

बहुतेक वादांचे मूळ इथे आहे. पॉलिसी सुरू होण्यापूर्वी असलेला आजार ‘पूर्वीपासूनचा’ मानला जातो. अनेक पॉलिसींत तर त्याचे निदान झालेले नसले तरी तो पूर्वीचाच धरतात. दहा वर्षे रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या व्यक्तीला तिथे पक्षाघाताचा झटका आला, तर कंपनी त्याचा संबंध जुन्या रक्तदाबाशी जोडू शकते.

यावर तोडगा म्हणून अनेक अमेरिकी पॉलिसींत ‘जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला झटका’ असे कलम असते. पण त्यालाही अटी आहेत. झटका पूर्वसूचनेशिवाय आलेला हवा, ठरावीक वेळेत, बहुधा २४ तासांत, उपचार घेतलेले हवेत आणि वय मर्यादेत हवे. बऱ्याच पॉलिसींत ७० किंवा ८० वर्षांनंतर हा लाभ बंद होतो किंवा रक्कम खूप कमी होते. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून दुखणे अंगावर काढले, तर प्रकृतीबरोबर दावाही धोक्यात येतो.

प्रीमियम वाचवण्यासाठी मधुमेह लपवणे हा सर्वांत वाईट पर्याय. दाखल करताना डॉक्टर औषधांची यादी विचारतातच आणि तीच नोंद पुढे कंपनीकडे जाते.

एक लाख डॉलरचे कवच खरेच तेवढे असते का?

पॉलिसींचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक उपचारासाठी ठरावीक रक्कम मिळते, दुसऱ्यात स्वतःचा वाटा वजा जाता बिलाचा मोठा हिस्सा कंपनी देते. समजा, पहिल्या प्रकारात खाटेसाठी दिवसाला १५०० डॉलर ठरले आहेत आणि बिल ८००० डॉलरचे आले, तर उरलेले ६५०० डॉलर कुटुंबाला भरावे लागतील. पॉलिसीवर ‘एक लाख’ लिहिलेले असले तरीही. त्यामुळे एकूण रकमेआधी उपमर्यादांचा तक्ता पाहायला हवा.

औषधांचे काय?

अमेरिकेत स्वतःपुरती औषधे नेण्याची सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे, मुक्काम मात्र अनेकदा १८० दिवसांचा असतो. भारतीय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला औषध दुकानदार सहसा औषध देत नाही. शिवाय भारतात मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन ही औषधे अमेरिकेच्या बाजारात नाहीत. निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून पर्यायी औषध आणि मूळ नावांची यादी लिहून घ्यावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष सावध राहायला हवे. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या कुप्या आणि त्याच मापाच्या सिरिंज प्रचलित आहेत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडात हे प्रमाण १०० युनिट आहे. तिथले इन्सुलिन इथून नेलेल्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २५ युनिट जातात. साखर एकदम खाली येऊन जिवावर बेतू शकते. ब्रिटन व कॅनडात साखर मोजण्याचे एककही वेगळे आहे. तिथल्या यंत्रावरील ७ म्हणजे आपल्याकडील १२६.

त्रास झाल्यास जायचे कुठे?

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, श्वास न पुरणे अशा वेळी अमेरिका व कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९ हा क्रमांक लावावा. खर्चाचा विचार नंतर. ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय यांसाठी अमेरिकेत ‘अर्जंट केअर’ केंद्रे असतात आणि ती आपत्कालीन विभागापेक्षा बरीच स्वस्त पडतात. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पोटरीला सूज व वेदना असेल, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. त्याला प्रवासाचा शीण समजू नये.

बिल आल्यावर काय करता येते?

बाबनिहाय तपशील मागता येतो. अमेरिकेतील करसवलत घेणाऱ्या ना-नफा रुग्णालयांना आर्थिक मदतीचे लेखी धोरण ठेवावे लागते. पाहुण्यांना ती मदत मिळेल की नाही हे रुग्णालयागणिक बदलते, पण अर्ज केल्याशिवाय ते कळत नाही. मुलांनी हमीदार म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचावा.

या सगळ्यातील बहुतेक गोष्टी विमान सुटण्यापूर्वीच ठरलेल्या असतात. भारतीय कंपनीचा प्रवास विमा निघण्याआधीच घ्यावा लागतो. अमेरिकी कंपनीचा विमा तिथे पोहोचल्यावरही घेता येतो, मात्र घेण्यापूर्वी उद्भवलेले दुखणे त्यात बसत नाही. म्हणूनच पॉलिसी घेताना आईवडिलांनी आणि मुलांनी एकत्र बसून तीन गोष्टी वाचाव्यात : जुन्या आजाराची व्याख्या, वयाची मर्यादा आणि उपमर्यादांचा तक्ता.