कुस्ती असो की निवडणूक, निकाल हरलेल्यालाही पटला पाहिजे

सोलापूर जिल्ह्यात पारावर दोनच विषयांना रंग चढतो, कुस्ती आणि निवडणूक. जोड तोलामोलाची असली की बघणाऱ्याला मजा येते. पण निकालावर शंका आली की तीच मजा भांडणावर जाते. अलीकडं जिल्ह्यानं हे मातीतही बघितलं आणि मतपेटीतही.

जानेवारी 2023. पुण्यात महाराष्ट्र केसरीची माती विभागाची अंतिम लढत. एका बाजूला मोहोळचा सिकंदर शेख, दुसऱ्या बाजूला मंगळवेढा तालुक्यातल्या शिरसीचा महेंद्र गायकवाड. दोघंही आपल्याच जिल्ह्याचे. महेंद्रच्या टांग डावाला पंचांनी 4 गुण दिले आणि वाद पेटला. पैलवान शांत झाले तरी मोबाईलवर समर्थकांची जुंपलेलीच होती. सिकंदरनं मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरला फुलगावच्या मैदानात शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट करून गदा आणली. त्या निकालावर कुणी बोट ठेवू शकलं नाही.

याच्या उलट फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरात घडलं. पंचांचा निर्णय मान्य नाही म्हणून शिवराज राक्षेनं पंचांनाच लाथ मारली. त्याच्यावर 3 वर्षांची बंदी आली. तक्रार खरी की खोटी हा मुद्दा मागं पडला, चर्चा राहिली ती लाथेची.

माळशिरसची जोड

आता राजकारणाचा फड. माळशिरसला 2019 च्या विधानसभेत भाजपच्या राम सातपुते यांनी उत्तम जानकर यांना 2,590 मतांनी हरवलं. तेव्हा मोहिते-पाटील गट सातपुतेंच्या बाजूला होता. 2024 ला हाच गट जानकरांबरोबर आला आणि जानकर 13,147 मतांनी निवडून आले. नेत्यांची जोड अशी पाच वर्षांत फिरली.

पण त्याच निवडणुकीत मारकडवाडीत सातपुतेंना 1003 आणि जानकरांना 843 मतं निघाली. गाव आमचं, मग मतं कमी कशी, असा जानकर समर्थकांचा सवाल होता. त्यांनी 3 डिसेंबरला स्वखर्चानं मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, मतदान थांबलं, गुन्हे दाखल झाले. मग शरद पवार गावात आले आणि पाठोपाठ भाजपचीही सभा झाली. नेते आपापल्या गाडीनं परत गेले. तारखा आणि एकमेकांची तोंडं चुकवणं गावाच्या वाट्याला आलं.

शंका आली तर वाट कोणती?

सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल 2024 च्या निकालानुसार लोकसभा-विधानसभेला दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या 5 टक्के यंत्रांची तपासणी मागता येते. निकालानंतर 7 दिवसांत लेखी अर्ज द्यायचा आणि खर्च आधी भरायचा. यंत्रात फेरफार सापडला तर पैसे परत मिळतात. मारकडवाडीची अडचण अशी की शंका घेणाऱ्यांचा उमेदवार निवडून आलेला. त्याला ही वाट उघडीच नव्हती. साध्या मतदाराला तर नाहीच.

त्याआधीचं एक काम मात्र गावाच्या हातात आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष 17 सी नमुन्यात एकूण झालेल्या मतांचा हिशेब लिहितो आणि त्याची प्रत उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्राचा आकडा त्या कागदाशी जुळवायचा असतो. आपल्याकडं केंद्रावर बसणारं पोरगं जेवणाच्या डब्याची जेवढी काळजी करतं, तेवढी या कागदाची करत नाही.

यंत्र चांगलं की मतपत्रिका, हा वाद चालूच राहील. पण मातीत प्रेक्षकाला डाव डोळ्यांनी दिसतो, म्हणून पंच चुकला तरी बोलता येतं. मतदानात डाव दिसत नाही. म्हणून तिथं पंचांनी जास्त उघडं असायला हवं. 'विश्वास ठेवा' एवढं सांगून भागणार नाही आणि जमावबंदीनं शंका जात नाही.

कार्यकर्त्यांनीही एक ध्यानात ठेवावं. 2019 चे विरोधक 2024 ला एका स्टेजवर बसले. पण त्यांच्यापायी बांधाला बांध लागून असलेल्या दोन घरांत आलेला अबोला मिटवायला कुठलाच नेता येत नाही.