रुळतील आपोआप?

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटून होतात, अकरावीच्या यादीत नाव लागतं आणि घरातलं कोणीतरी मोठं माणूस निश्चिंतपणे म्हणतं, 'रुळेल हो आपोआप. आम्ही नाही का रुळलो?' म्हणणारा बहुधा सज्जन असतो, हेतूही चांगला असतो. तरीही मराठी घरांत मुलांचं जेवढं नुकसान या वाक्याने झालं आहे तेवढं नापासाच्या शिक्क्यानेही झालं नसेल.

'आम्ही रुळलो' हे सांगायला जे हजर आहेत ते रुळले म्हणूनच हजर आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला गळालेली मुलं येत नाहीत. विज्ञान शाखा सोडून गावी परतलेला, बारावीला दोनदा बसून दुकानात लागलेला, अकरावीच्या दिवाळीनंतर वर्गात दिसेनासा झालेला, यांतला कोणी व्यासपीठावर आठवणी सांगायला उभा राहत नाही. वाचलेल्यांच्या साक्षीवरून नदीला उतार आहे असं ठरवायचं, हा कसला पुरावा?

मुळात बदलतं काय, ते पाहू. महाराष्ट्रात 1975 पासून दहावीनंतर कनिष्ठ महाविद्यालय आहे. म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं पोर एका सुट्टीत एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जातं. शाळेत वर्गशिक्षक असतात. बाईंना तुमचं आडनावच काय, तुमच्या थोरल्या भावाचे गुणही ठाऊक असतात. वही तपासली जाते, दोन दिवस गैरहजर राहिलात तर घरी निरोप जातो. कॉलेजात तुम्ही रोल नंबर असता. सर येतात, फळा भरतात, तास संपला की जातात. वही कोणी मागत नाही. चाचणीची तारीख, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, प्रात्यक्षिकाची बॅच हे सगळं सूचनाफलकावर लागतं किंवा व्हॉट्सॲपवर येऊन वाहून जातं. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून महाडीबीटी या शासकीय पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहून गेला, तर कारकून खिडकीतून एवढंच म्हणतो, 'नोटीस लावली होती.' त्यात खोटं काही नसतं. पण नोटीस वाचणं हे आपलं काम आहे, हे त्या मुलाला तोवर कोणी सांगितलेलंच नसतं.

मराठी माध्यमातून विज्ञानाला गेलेल्याचं ओझं दुप्पट. कालपर्यंत जे त्वरण आणि संवेग म्हणून पक्कं समजलं होतं, ते आज ॲक्सिलरेशन आणि मोमेंटम होऊन समोर येतं. ऐंशी-शंभर जणांच्या वर्गात हात वर करून 'सर, समजलं नाही' म्हणायला जी छाती लागते, ती सगळ्यांकडे नसते. मग तो मुलगा मागच्या बाकावर सरकतो, पुढे कँटीनमध्ये, आणि त्याहून पुढे कट्ट्यावर.

इथे दुसरा पक्ष उभा राहतो: कॉलेजात गेली की पोरं बिघडतात, सबब कॉलेजची शाळा करा. गणवेश घाला, फाटक लावून घ्या, कॅमेरे बसवा, पालकांना मेसेज पाठवा. 2018 साली शासनाने मुंबई-पुण्यासह काही विभागांतल्या विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. कॉलेज आणि खाजगी क्लास यांच्या साटेलोट्याला आळा घालायचा हा त्यामागचा उद्देश होता. पण यंत्राला अंगठा कळतो, मन कुठे आहे ते कळत नाही. हे साटेलोटं, म्हणजे 'इंटिग्रेटेड'चा धंदा, आजही चालू आहे. तिथे तर मुलाला कॉलेज असं लाभतच नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास, आणि कॉलेजचं नाव फक्त बारावीच्या अर्जावर. पालक खूश, कारण पोरगं 'हाताबाहेर' जात नाही. त्याला अठराव्या वर्षी वसतिगृहाच्या खोलीत एकटं सोडल्यावर काय होणार, याचा विचार दोन वर्षं पुढे ढकललेला असतो, इतकंच.

नववी ते बारावी एकच टप्पा मानणाऱ्या 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे बोट दाखवून कोणी म्हणतं, अकरावी-बारावी शाळेतच घातली की प्रश्न मिटला. मिटत नाही. सीबीएसईच्या शाळांत बारावीपर्यंत शाळाच असते. तिथली मुलं हाच धक्का पदवीच्या पहिल्या वर्षाला खातात.

आणि हा फरक पुसायचा कशाला? कोणी वही तपासणार नाही म्हणून स्वतःची वही स्वतः तपासायला लागणं, शिक्षकाशी मान राखून वाद घालता येणं, वेगळ्या गावच्या, वेगळ्या जातीच्या, वेगळ्या ऐपतीच्या मुलांबरोबर एका टेबलावर जर्नल पुरं करणं, हे कॉलेजचं खरं शिक्षण. माझं म्हणणं एवढंच की फरक राहू द्या, पण तो मुलांना तोंडाने सांगा. ज्याच्या घरात आई-बाप, काका-मावशी कॉलेजात जाऊन आले आहेत त्याला हे न लिहिलेले नियम जेवणाच्या ताटावर फुकट मिळतात. जे घरातून कॉलेजात जाणारं पहिलंच पोर आहे त्याला ते ठेचा खात गोळा करावे लागतात, आणि वर आपण त्यालाच 'बुजरा' म्हणतो.

यावर कॉलेजांचं ठरलेलं उत्तर असतं: कच्च्या मुलांसाठी जादा तास लावले आहेत. पण दुखणं कच्चेपणाचंच असतं असं नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात 1970 च्या दशकात युरी ट्राइसमन या गणितज्ञाला प्रश्न पडला, की हुशार म्हणून प्रवेश मिळालेली कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मागे का पडतात? प्राध्यापकांचे अंदाज नेहमीचेच होते: तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, जिद्द कमी. ट्राइसमन मुलांच्या खोल्यांपर्यंत गेला. तिथे त्याला दिसलं की ही मुलं मेहनत भरपूर करतात, पण एकेकटी. चिनी वंशाची मुलं मात्र एकत्र बसून गणितं ताडून पाहतात, कोणते सर काय विचारतात हेही एकमेकांना सांगतात. त्याने कच्च्यांसाठीचे जादा तास लावले नाहीत. मुलांना एकत्र बसवून नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली, आणि निकाल सुधारला.

हे वाचताना मला आपल्या शाळा दिसतात. शेजाऱ्याच्या वहीत डोकावू नको, आपलं आपण कर, पहिला नंबर आण. दहा वर्षं हीच शिकवण पाळलेला गुणी विद्यार्थी कॉलेजात एकटाच बसून झिजतो. त्याचा शाळेतला सद्गुणच इथे आड येतो, आणि हे त्याला जादा तासाला सांगत नाहीत.

कॉलेजची रीत सांगावी लागते, हे आपल्याकडे कोणाला कळलंच नव्हतं असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहं आधी काढली आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाविद्यालय नंतर, 1947 मध्ये; तिथे 'कमवा आणि शिका' रुजवलं. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 साली खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. खाट आणि जेवण ही या वसतिगृहांची अर्धीच मदत. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला कॉलेजची रीत समजावून देतो, ही उरलेली अर्धी. विद्यापीठ अनुदान आयोगानेही 2019 मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. ती पदवीसाठी. अकरावीचं पोर त्या आयोगाच्या कक्षेतच येत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला प्राचार्यांचं भाषण आणि फ्रेशर्स पार्टी.

तेव्हा प्राचार्यांना एक विनंती. येत्या प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकातलं पदाधिकाऱ्यांच्या फोटोंचं एक पान कमी करा. त्या जागी साध्या मराठीत छापा: तासानंतर सरांना शंका विचारली तर चालते, सूचनाफलक रोज वाचायचा, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला अमुक तारखेच्या आत आणायचा, अभ्यासाला चौघं मिळून बसा. खाली बारावीच्या दोन विद्यार्थ्यांची नावं द्या, म्हणजे अडलेल्याने कोणाकडे जायचं हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल.