बी.एस्सी. केलं म्हणजे काय पाप केलं?

बारावीचा निकाल लागला की आमच्या बदलापुरात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं. "इंजिनियरिंगला नाही ना मिळालं, मग आता बी.एस्सी.!" सूर असा, की घरात कुणाचं काही बरंवाईट झालंय. आमच्या नात्यातही हाच सूर आहे आणि त्यातले काही जण हे वाचणार, हे माहीत असूनच लिहितेय. राग आला तर येऊ दे.

आधी माझी लायकी सांगते. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, शाळेत मराठी-इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई. विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. पण उल्हासनगरच्या सीएचएमला, आरकेटीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन जाणारी मुलं शेजारी आहेत. त्यांची पुस्तकं चाळलीत, इंजिनियरिंगवाल्यांचीही चाळलीत. दोन्हीकडे डिफरन्शियल इक्वेशन्स, मॅट्रिक्स, फूरिये. उणे एकच्या वर्गमुळाला एकीकडे 'आय' म्हणतात, दुसरीकडे 'जे', कारण 'आय' करंटला देऊन टाकलेला! मला तरी एवढाच फरक दिसला.

इतिहास मात्र माझा विषय. 1947 साली अमेरिकेत ट्रान्झिस्टर तयार केला त्या तिघांना 1956 चं नोबेल मिळालं ते फिजिक्सचं. क्लॉड शॅननने इलेक्ट्रिकल आणि गणित अशा दोन्ही पदव्या घेतल्या, आणि 1937 साली बूलचं जुनं बीजगणित रिलेच्या सर्किटला लावून दाखवलं. आज प्रत्येक कॉम्प्युटर त्यावर चालतो. आपल्या मुंबईत टीआयएफआर ही गणित-फिजिक्सची संस्था, आणि तिथेच 1960 साली टिफ्रॅक हा कॉम्प्युटर उभा राहिला. आणि कलामसाहेब? आधी तिरुचिरापल्लीला फिजिक्सची बी.एस्सी., मग मद्रासला एमआयटीत इंजिनियरिंग. तेव्हा तिथे बी.एस्सी. झालेल्यांनाच घ्यायचे! कुणी त्यांना "नाही ना मिळालं" म्हणालं असेल असं वाटत नाही.

मग नोकरी का मिळत नाही, असं विचाराल. बरोबर आहे. फूरिये दहा मार्कांना येतो म्हणून मुलं पाठ करतात, पण मोबाईलमधला आवाज आणि फोटो त्याच्या जिवावर लहान होऊन जातो हे कुणी सांगत नाही. प्रॅक्टिकलची जर्नलं एकमेकांची पाहून उतरवतात. सोल्डरिंग गन हातात धरलेली नसते, ऑसिलोस्कोप लांबून पाहिलेला असतो, प्रोग्रॅम परीक्षेपुरता. डोकं तयार, हात कोरा.

यावर आपण उपाय काय काढतो? स्टेशनबाहेर जाहिरात असते, "सहा महिन्यांत आयटीत नोकरी". तिथे हजारो रुपये भरतो. म्हणजे तीन वर्षं शिकलेलं गणित बाजूला ठेवायचं, आणि गणित न शिकलेल्यालाही जमेल तेवढंच शिकायचं! याला मी फसवणूक म्हणते, आणि पैसे भरणाऱ्या आईबापांनाही दोष देते.

सरकारी नियमही असेच. बी.एस्सी. झालेल्याला, बारावीला गणित असेल तर, इंजिनियरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. किती घरांत हे ठाऊक आहे? पण एआयसीटीईच्या नियमपुस्तकात डिप्लोमावाल्यांच्या जागा भरून उरल्या तर यांचा नंबर, असं लिहिलेलं मी वाचलंय. का बुवा? ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स राहिलं असेल तर ते करून घ्या, रांगेत मागे कशाला उभं करता? गेटची परीक्षा तर 2021 पासून कुठल्याही शाखेच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलाला देता येते. पण पुढे एम.टेक.ला बहुतेक ठिकाणी चार वर्षांची पदवी नाहीतर एम.एस्सी. मागतात. हे मुलाला पहिल्या वर्षीच सांगायला हवं. तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात नव्हे.

आता नव्या धोरणात पदवीच्या मुलांना कामाच्या जागी जाऊन प्रशिक्षण घ्यावं लागणार आहे. अंबरनाथची एमआयडीसी लोकलने अगदी जवळ. तिथे मोटारी आहेत, पॅनेल आहेत, मोजमापाची यंत्रं आहेत. मुलांना तिथे खरोखर उभं करा, पॅनेल उघडून दाखवा, बिघाड शोधायला लावा. ओळखीच्या काकांकडून शिक्का मारून आणलेला कागद कॉलेजांनी घेऊ नये, आणि त्या काकांनीही मारून देऊ नये. आमच्या नात्यात असे दोन काका आहेत.