एक कोटी नावं आणि चोवीस उड्या

शाळेच्या हजेरीपटात एक नाव शोधायला किती वेळ लागतो? फारसा नाही. पण एक कोटी नावांची यादी असली तर? संगणकालाही ती पहिल्यापासून वाचत बसायला लावलं, तर तोसुद्धा दमेल बरं का!

अशा वेळी मदतीला येतो 'एस्क्यूलाइट' नावाचा छोटासा प्रोग्रॅम. आईबाबांच्या मोबाइलमध्येही तो असतो.

त्याची जन्मकथा ऐका. रिचर्ड हिप हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी काम करत होते. लढाईत नौकेचा एखादा पाइप फुटला, तर कोणत्या झडपा बंद करायच्या, हे त्यांचा प्रोग्रॅम सांगणार होता. पण त्यासाठी लागणारी माहिती होती सर्व्हर नावाच्या वेगळ्या कारभाऱ्याच्या ताब्यात. तो बंद पडला की सगळंच ठप्प! हिप यांना वाटलं, हा मध्यस्थ हवाच कशाला? माहिती थेट डिस्कवरच्या फाइलमधूनच वाचली तर? त्यातूनच २००० साली एस्क्यूलाइट तयार झाला. हिप यांनी तो सर्वांना फुकट देऊन टाकला.

याची सगळी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. ती फाइल २८१ टेराबाइटपर्यंत, म्हणजे सुमारे २ लाख ८१ हजार गिगाबाइटपर्यंत वाढू शकते!

मग एवढ्यातून हवं ते नाव सापडतं कसं? तुम्ही शब्दकोश पाहता तसंच. मधलं पान उघडायचं, शब्द पुढे की मागे ते ठरवायचं, की निम्मा कोश बाद! एक कोटी नावं अशी २४ वेळा निम्मी केली, की एकच उरतं. एस्क्यूलाइटच्या सूचीत तर एकेका पानावर पुष्कळ खुणा असतात. त्यामुळे मोजकीच पानं उलटावी लागतात. मात्र सूची फुकट मिळत नाही. नवी नोंद आली की सूचीतही ती योग्य जागी लिहावी लागते. म्हणून जे वारंवार शोधायचं, त्याचीच सूची करावी.

आणि लिहिता लिहिता वीज गेली तर? त्याचीही तजवीज आहे. पान बदलण्याआधी जुन्या पानाची नक्कल बाजूला ठेवली जाते. काम अर्धवट राहिलं, तर जुनं पान परत जागेवर!

आता करून पाहा. मित्राला १ ते १००० मधली एक संख्या मनात धरायला सांगा. '५०० पेक्षा मोठी आहे का?' असे फक्त हो-नाहीचे दहा प्रश्न विचारा आणि ती ओळखा. दहाच का पुरतात, ते घरच्यांना समजावून सांगता येतंय का बघा!